प्रकल्प नोंदी : नौपाडा ते वाशी, सेटसकट

शनिवार, २८ जून

तारीख मिळाली. रविवार, २७ जुलै, दुपारी चारचा प्रयोग, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. स्टेज बारा वाजता आपल्या ताब्यात. रात्री दुसरं नाटक आहे, त्यामुळे साडेसातला रिकामं करून द्यायचं. सर म्हणाले, "वाशी काय, शेजारीच तर आहे." आहेच शेजारी. ठाण्यात नौपाड्याला असलेल्या आमच्या तालमीच्या हॉलपासून वीस-बावीस किलोमीटर. पण आजवर आपले प्रयोग ठाण्यातल्याच नाट्यगृहांत, गडकरीला, नाहीतर घाणेकरला. सेट खाडीपलीकडे न्यायची मंडळाची ही पहिलीच वेळ.

वाहतुकीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी रबाळ्याला नोकरी करतो, म्हणजे रस्ता मला पाठ असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मी रोज लोकलने जातो, हे कुणी ऐकून घेतलं नाही.

काय न्यायचं ते नेपथ्यवाल्या दादांकडून लिहून घेतलं. आठ बाय चारचे फ्लॅट, लाकडी चौकटीवर कापड ताणून डिस्टेंपरने रंगवलेले. लेव्हल, म्हणजे स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे. दरवाजाची चौकट. देव्हारा. कपडेपटाच्या ट्रंका. आणि झोपाळा. दुसरा अंक अख्खा झोपाळ्यावर आहे, त्यामुळे तो घरीच ठेवा म्हणायची सोय नाही. सहा फुटी सागवानी फळी, पितळी कड्या, उचलायला दोन माणसं. लाइटवाले स्वतःच्या गाडीने येतात, तो प्रश्न आपला नाही.

मंगळवार, १ जुलै

रस्ते तीन आहेत. कागदावर मांडून ठेवतो, म्हणजे दर तालमीला तोच वाद नको.

पहिला, सरळ: जांभळी नाका, कोर्ट नाका, कळवा पूल, कळवा नाका, विटावा, दिघा, ऐरोली आणि मग ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली. अंतर सगळ्यात कमी.

दुसरा: तीन हात नाका, कोपरी, आनंदनगर, पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंडपर्यंत, तिथून ऐरोलीचा पूल. हा पूल १९९९ पासून आहे. त्याआधी ठाण्याच्या माणसाला नव्या मुंबईत उतरायचं तर कळव्यावरून जा, नाहीतर मानखुर्दमार्गे वाशी पुलाला वळसा घाला. थोडा लांब पडतो, पण रेल्वेखालून जात नाही. हे महत्त्वाचं का, ते पुढे येईलच.

तिसरा तोच मानखुर्दचा वळसा. घाटकोपरपर्यंत खाली जायचं, लिंक रोडच्या उड्डाणपुलावरून मानखुर्द आणि मग वाशी पूल. खजिनदार म्हणाले, "मोकळा असतो." असेलही. ठाण्याहून वाशीला जायला निम्मी मुंबई फिरायची माझी तयारी नाही. बाद.

टोलची शंकाही त्यांनीच काढली. दुसऱ्या रस्त्यावर आनंदनगर आणि ऐरोली असे दोन नाके लागतात. हलक्या गाड्यांना मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. टेम्पोचं टेम्पोवाल्यालाच विचारू.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. सकाळी दादांच्या गाडीतून पहिला रस्ता बघून आलो. दोघांचाही उपास, त्यामुळे वाटेत कुठे थांबायचा मोह नव्हता. रविवार मुद्दाम धरला, कारण प्रयोगही रविवारचाच आहे.

नौपाड्यातून बाहेर पडायलाच वेळ गेला. जांभळी नाक्यावर एकादशीचा बाजार, रताळी आणि केळी रस्त्यापर्यंत आलेली. कोर्ट नाक्यानंतर सुटलो. २०२२ मध्ये कळव्याचा तिसरा पूल सुरू झाल्यापासून खाडी ओलांडणं हा प्रश्न राहिलेला नाही. प्रश्न उतरल्यावर सुरू होतो. कळवा नाक्यावर मुंब्र्याकडचे, बेलापूरकडचे आणि कळव्यातच राहणारे सगळे एका चौकात. रविवार असून तीन सिग्नल गेले.

मग विटावा. इथे गाडी बाजूला घेऊन दोघंही उतरलो. रस्ता मध्य रेल्वेच्या रुळांखालून जातो, आणि खालून जाण्यासाठी तो आधी खोलगट होतो, मग परत वर चढतो. म्हणजे आजूबाजूचं पाणी आपसूक तिथेच येणार. खाडी जवळ. भरती असली की नाल्याचं पाणी खाडीत जायला मागत नाही, उलट थोपून राहतं. ते उपसायला पंप लावतात. दादांनी पुलाखाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "फ्लॅट उभे ठेवून न्यायचे नाहीत." मीही तेच म्हणणार होतो. आडवे ठेवले तर माल टेम्पोच्या टपाच्या खालीच राहतो आणि उंचीची चर्चाच संपते.

विटाव्यानंतर दिघा, मुकुंद कंपनी, ऐरोली. पुढचा रस्ता रुंद आणि सरळ आहे. डोक्यात ठेवायची गोष्ट एकच: वाशीला जाताना डावीकडे कारखाने आणि त्यामागे पारसिकचा डोंगर, उजवीकडे रेल्वे आणि रेल्वेपलीकडे वस्ती. कारखाने आधी आले, साठच्या दशकात. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि सेक्टर खाडीच्या बाजूला पडले. म्हणून या रस्त्यावरून वाशीत शिरायचं तर कधीतरी उजवीकडे वळून रूळ ओलांडावेच लागतात. कुठे वळायचं यावर शेवटची पंधरा मिनिटं अवलंबून आहेत.

आम्ही दोन्ही करून बघितलं. जाताना कोपरखैरण्याला आत, तीन टाकी, ब्लू डायमंडचा चौक, मग वाशी. येताना उलटं: अरेंजा कॉर्नर, घाऊक मार्केटच्या कडेने तुर्भे, आणि मग मुख्य रस्ता. मार्केटच्या बाजूला ट्रक उभे, ट्रकच्या आडोशाला हातगाड्या, त्यातून रस्ता काढत जायचं. छोट्या गाडीला ठीक आहे. फ्लॅट लादलेला टेम्पो तिथे घालायचा नाही. कोपरखैरणं पक्कं.

नाट्यगृहाच्या मागच्या बाजूने सामान आत घ्यायचं. टेम्पो उलटा लावावा लागेल. तिथल्या माणसाने चांगलं सांगितलं: "बाराला स्टेज म्हणजे बाराला स्टेज. पण गाडी अकराला लावून ठेवा, आधीच्यांचा सेट निघताना जागा अडते."

बुधवार, ९ जुलै

ऑफिसला जाताना खिडकीशी उभा राहून रस्ता बघत गेलो. साडेनऊला ऐरोली ते रबाळे गाड्या जागच्या जागी. माइंडस्पेस आयटी पार्कवाले, एमआयडीसीवाले, महाप्याला जाणारे, सगळे सकाळी ठाण्याकडून खाली येतात आणि संध्याकाळी वर जातात. आपली जायची दिशा सकाळच्या गर्दीचीच. प्रयोग रविवारी आहे, हे नशीब. शनिवारी असता तर निम्म्या कंपन्या चालू.

शुक्रवार, ११ जुलै

टेम्पो ठरला.

आधी छोटा हत्ती डोक्यात होता, स्वस्त पडतो म्हणून. त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब, फ्लॅट आठ फूट. मागची फळी उघडी टाकून एक फूट बाहेर काढायचा, लाल फडकं बांधायचं, असं एकाने सुचवलं. बाहेर आलेला माल नियमात बसत नाही, आणि नियम सोडला तरी तो एक फूट कापड पावसात. डिस्टेंपरला पाणी लागलं की रंग ओघळतो. वाड्याची भिंत स्टेजवर रडलेली दिसेल. शिवाय दोन फेऱ्या, नाहीतर दोन गाड्या, मग स्वस्त कुठलं?

म्हणून ४०७, त्याहून मोठा टेम्पो. हौदा दहा फुटांचा, फ्लॅट आडवा पूर्ण आत, वर ताडपत्री. टेम्पोवाले काका कळव्याचे, एमआयडीसीत माल टाकतात, सगळा पट्टा पायाखालचा. भाडं जाऊन-येऊन, मधला थांबण्याचा वेळ धरून. घासाघीस झाली, लिहिण्यासारखी नाही.

टोलचं विचारलं. काका म्हणाले, "सुट्टे पैसे जवळ ठेवा, बाकी मी बघतो."

मी त्यांना जाण्याचा बेत सांगितला. रस्ता, वळण, वेळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि येताना?"

येताना म्हणजे जुलैतल्या रविवारी संध्याकाळी. पावसाळ्यात लोणावळ्याला गेलेली अख्खी दुनिया त्याच वेळी परत फिरते. एक्स्प्रेसवेवरून कळंबोली, तिथून ठाण्याला जाणारे आपल्याच रस्त्याने वर येणार. आणि उशीर करावा म्हटलं तर रात्री अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ संपली की जेएनपीटी बंदराकडचे मोठे ट्रक भिवंडीच्या दिशेने सुटतात. काकांचा हिशेब असा: आठच्या आत निघालात तर सहलीवाल्यांत अडकाल, दहाच्या पुढे गेलात तर कंटेनरमध्ये. "साडेआठ ते साडेनऊ. त्या तासात महापे पार झालं पाहिजे."

आता खरा प्रकल्प सुरू झाला असं वाटतंय. साडेसातला स्टेज रिकामं, म्हणजे सेट सोडून टेम्पोत भरायला तासभर मिळतो. तेवढा लागेलच.

रविवार, १३ जुलै

दुसरा रस्ता, ऐरोली पुलावरून. या वेळी काका बरोबर, त्यांच्याच टेम्पोतून, रिकामा. त्यांना वाशीत एक डिलिव्हरीचा कागद द्यायचा होता, मी नुसता बसलो.

रिकाम्या टेम्पोत बसल्यावर कळतं की फोनवरचा नकाशा कारसाठी वेळ सांगतो. चढावर, वळणावर, खड्डा दिसला की काका पार दुसऱ्या गिअरवर येतात, आणि माल भरला असेल तेव्हा आणखी जपतील. नकाशा पन्नास मिनिटं म्हणाला की आपण सव्वा तास धरायचा. हे पुढच्या सगळ्या हिशेबांना लागू.

तीन हात नाक्याला मेट्रोच्या खांबांचं काम, पत्रे लावलेले, लेन बदलत जावं लागतं. कोपरी रुंद झाल्यापासून तिथली जुनी कोंडी आता नाही. मुलुंडला डावीकडे वळलो आणि पुढे मोकळं. पुलावर वारा जोराचा. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखल उघडा पडलेला. हिवाळ्यात इथे फ्लेमिंगो असतात, आत्ता बगळे. काकांनी वाऱ्याकडे बोट दाखवलं: "ताडपत्री इथे सुटते. चार कोपऱ्यांना बांधून भागायचं नाही, वरून आडवे दोर टाका." वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या रस्त्यापेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त. पाण्याची भीती नाही, वाऱ्याची आहे.

गुरुवार, १७ जुलै

दिवसभर संततधार. कपडेपट बघणाऱ्या ताई विटाव्यात राहतात. त्यांना सहज फोन करून विचारलं. म्हणाल्या, "आत्ता पाणी नाही, पंपाचा आवाज येतोय. तुम्हाला हवं तर प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी बघून सांगेन, दूध आणायला जातेच की." विटाव्याची बातमी कुठल्या ॲपवर शोधत बसण्यापेक्षा हे बरं. साडेआठचा फोन त्यांच्या नावावर लिहिला.

रविवार, २० जुलै

भरण्याची रंगीत तालीम.

हॉलच्या फरशीवर खडूने दहा बाय सहाचा चौकोन काढला, म्हणजे टेम्पोचा हौदा. केबिनची बाजू कुठली, मागची फळी कुठली, हेही लिहिलं. मग सगळं सामान त्यात मांडून बघितलं. मुलं हसली, पण दहा मिनिटांत सगळी आपापलं मत द्यायला लागली.

भांडण दोन नियमांचं. वजनदार माल खाली हवा. आणि जे स्टेजवर आधी लागतं ते टेम्पोत शेवटी चढायला हवं, म्हणजे उतरताना ते आधी हाती येतं. आपल्याकडे वजनदार लेव्हल, आणि स्टेजवर आधी लागतात त्याही लेव्हलच. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत.

दादांनी सोडवलं. लेव्हल खालीच. त्यावर फ्लॅट आडवे, रंगवलेली बाजू रंगवलेल्या बाजूला, मध्ये जुन्या चादरी. उतरवताना फ्लॅट आधी निघतील, ते थेट विंगेमागे भिंतीला टेकवायचे, कुणी त्यांना हात लावायचा नाही. मग लेव्हल सरळ जागेवर. फ्लॅट उचलून नेण्याची दहा मिनिटं वाढतात, पण खालचं काही चेपत नाही.

झोपाळा मात्र सगळ्यात शेवटी चढणार, मागच्या फळीला लागून. तो वर पाइपाला टांगायचा असतो, त्यासाठी शिडी लावायची, आणि एकदा लेव्हल पसरल्या की शिडीला जागा उरत नाही. म्हणून तो उतरणार पहिला आणि टांगला जाणार पहिला. कड्या वेगळ्या पिशवीत. ती पिशवी टेम्पोत नाही, माझ्या हातात. कडीचा एक आकडा हरवला तर वाशीत रविवारी तसला पितळी आकडा शोधत कोण फिरणार?

देव्हारा काकांच्या शेजारी, केबिनमध्ये. हा ताईंचा हट्ट, आणि काकांची काही हरकत नाही.

गुरुवार, २४ जुलै

दीप अमावास्या. घरी दिवे, पुरणाचे दिंड, आणि फोनवर भरतीचं वेळापत्रक.

अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे. मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेची भरती भर दुपारी येते, बारा ते दोनच्या दरम्यान, आणि या दिवसांत ती साडेचार मीटरच्या वर जाते. रविवारी दोनच्या सुमारास. म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. विटाव्याखाली पाणी साचायचं तर जोराचा पाऊस आणि चढती भरती एकत्र यायला हवी, तेव्हा आपण सकाळीच, ओहोटीच्या मागोमाग त्या खोलगटातून निघून गेलेलं बरं. साडेनऊला नौपाडा सोडला तर दहाच्या आत विटावा पार. वाशीत अकराच्या आधी. नाट्यगृहवाल्यांनी सांगितलेली अकराची वेळही बसते.

ठरलं ते असं. रस्ता पहिला, कळव्यावरून. ताईंचा साडेआठचा फोन 'अडचण आहे' असा आला, तर कोपरी-ऐरोली. दोन्हींसाठी निघायची वेळ तीच, साडेनऊ. वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळी वेळ दिली असती तर निम्मी मंडळी चुकीच्या वेळेला उगवली असती. निर्णय मी घेणार आणि काकांना सांगणार. सरांना नंतर. सरांना आधी विचारलं की चर्चा होते.

नटमंडळी लोकलने. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बर मार्गाची थेट लोकल आहे, २००४ पासून, आपल्या निम्म्या लोकांना रोजची सवय. पण रविवार, म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी गाड्या बंद. ट्रान्स हार्बरवर लागला की साधारण अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि दुपारी चारच्या पुढे संपतो, आणि चारला तर आपला पडदा उघडायचा. या रविवारी लागो वा न लागो, सगळ्यांनी साडेनऊ-दहाची गाडी धरायची. सर्वात लहान नटाच्या आईने विचारलं, इतक्या लवकर येऊन तो करणार काय? झोपेल मेकअप रूममध्ये. नाहीतरी तो पहिल्या अंकात झोपलेलाच आहे.

शनिवार, २६ जुलै

सव्वीस जुलै. तालमीला पाऊस सुरू झाला आणि अपेक्षेप्रमाणे २००५ निघालं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. प्रत्येकाची आपली गोष्ट. दादा त्या रात्री कळव्याहून ठाण्यापर्यंत चालत आले होते.

टेम्पो आज रात्रीच भरून ठेवू, असं दोघांचं म्हणणं होतं. नको. रात्रभर ताडपत्रीवर पाणी साचणार, मधे झोळ पडणार, आणि तो झोळ नेमका फ्लॅटवर टेकणार. सकाळी सातला भरायचं. हॉलच्या पोर्चखाली टेम्पो मागून आत येतो, हे काकांनी येऊन बघून ठेवलं आहे.

सामानाला खडूने क्रमांक घातले. दोर, सुतळी, खिळे, हातोडी, कोरडी फडकी, एक जादा ताडपत्री. डिस्टेंपरचे दोन छोटे डबे आणि ब्रश, कुठे लागलंच तर. कड्यांची पिशवी माझ्या सॅकमध्ये.

रविवार, २७ जुलै

सकाळी ७.०५. काका आले. पाऊस रिमझिम.

८.१०. भरून झालं. खडूच्या चौकोनाचा उपयोग झाला, कुणी कुणाला विचारलं नाही.

८.३५. ताईंचा फोन. "पाण्याचा टिपूस नाही. पण पुलाखाली डंपर बंद पडलाय, बराच वेळ झाला. पलीकडची लाइन पार दिघ्यापर्यंत असेल."

पाणी, भरती, पंप, सगळ्याचा हिशेब केला होता. डंपर कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. तरी फोन त्यासाठीच ठेवला होता. कोपरी-ऐरोली. काकांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि खाली उतरून ताडपत्रीवर आडवे दोर आणखी आवळले.

९.३०. निघालो. देव्हारा मध्ये, मी खिडकीशी.

तीन हात नाक्याला दोन सिग्नल. कोपरी मोकळी. पुलावर वारा होताच, मागे ताडपत्री फडफडायची ती एकदाच फडफडली आणि गप्प बसली. ऐरोलीत उतरून मुख्य रस्त्याला लागलो, तेव्हा ठाण्याकडून येणारी बाजू अगदी रिकामी. डंपरने सगळे अडवून धरलेले, त्यामुळे आमच्या पुढे कुणी नाही. घणसोली, महापे कधी गेलं कळलं नाही. कोपरखैरण्याला आत, तीन टाकी, ब्लू डायमंड.

१०.४०. नाट्यगृह. आधीच्या कार्यक्रमाचं सामान अजून निघायचं होतं, पण उलटी लावायची जागा मिळाली. चहा. वाशीतला चहा महाग आहे, असं खजिनदारांना सांगायचं.

१२.००. झोपाळा पहिला उतरला, पहिला टांगला. एका फ्लॅटच्या कोपऱ्याला पाणी लागलं होतं, तळव्याएवढं. दादांनी पंख्याखाली धरून वाळवलं, वरून हात मारला. तिसऱ्या रांगेतून दिसत नाही.

नटमंडळी साडेदहापासून येऊन बसली होती. आरशाच्या वर विष्णुदास भाव्यांचा उल्लेख असलेला कागद कुणीतरी चिकटवला होता, त्यावरून एकाने विचारलं, हे कोण? सांगलीत १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते, असं सांगितलं. तेव्हा सेट कसा न्यायचे, हा पुढचा प्रश्न मला आवडला, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता.

प्रयोगाबद्दल इथे लिहीत नाही. ती वही सरांची.

७.२५. स्टेज रिकामं. रात्रीच्या नाटकवाल्यांचा टेम्पो मागे उभाच होता, आमच्यापेक्षा मोठा.

८.२०. भरून तयार. निघायला मंडळी उत्सुक. काका म्हणाले, "दहा मिनिटं थांबा," आणि महाप्याला माल टाकायला गेलेल्या आपल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. उत्तर आलं, गाड्या आहेत पण चालू आहेत. ८.३५ ला हललो.

कोपरखैरण्यातून मुख्य रस्त्यावर यायलाच वीस मिनिटं गेली. प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या मागच्या काचेत छत्र्या, ओले टॉवेल आणि चिक्कीच्या पिशव्या. लोणावळा परतत होतं. पण रबाळ्यानंतर सुटत गेलं. ऐरोलीला काकांनी विचारलं, पूल की विटावा? मी म्हटलं, तुमचं घर कळव्याला, तुम्ही सांगा. ते विटाव्याने गेले. डंपरचा मागमूस नव्हता. रस्ता ओला, पण पाणी नाही. समोरून पहिले कंटेनर दिसले ते कळवा नाक्यावर.

१०.०५. हॉल.

सोमवार, २८ जुलै

श्रावणाचा पहिला सोमवार, ऑफिसला अर्धा दिवस सांगून हॉलवर गेलो. फ्लॅट उघडे करून वाळत टाकले. झोपाळ्याच्या कड्या मोजून पेटीत ठेवल्या, सगळ्या आहेत.

काकांचे पैसे दिले. थांबण्याच्या वेळेवरून एक शब्दही झाला नाही, कारण तो आधीच धरलेला होता. खजिनदारांना चहाचं सांगितलं, ते हसले नाहीत.

पुढच्या वेळेसाठी दोनच बदल. जादा ताडपत्री वर नाही, फ्लॅटच्या खाली अंथरायची, कारण तो ओला कोपरा वरून भिजलेला नव्हता, हौद्याच्या फटीतून चाकाचं पाणी उडालं होतं. आणि येतानाच्या वेळेची चर्चा पहिल्याच दिवशी.

सरांचा दुपारी फोन आला. कल्याणहून विचारणा आहे, नोव्हेंबरात. "कल्याण काय, शेजारीच तर आहे." काकांना विचारलं. माजिवड्याहून भिवंडी बायपासने दुर्गाडी पुलापर्यंतचं ते सांगतील म्हणाले, पूल उतरल्यावर आतलं मात्र आम्ही बघून यायचं. दादा रविवारी मोकळे आहेत.